स्पीकरला श्वास घेता आला पाहिजे

…आणि वर सगळे म्हणतात, तुझ्या आवडीचं घे! तुम्हाला सांगते, लग्न होऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत, पण हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी पुढचं 'फक्त' कधी येतंय याची वाट बघते. खोलीला रंग तुझ्या आवडीचा, फक्त पांढरा हवा. भाजी तुझ्या आवडीची कर, फक्त तो कोबी संपवायचाय. त्यामुळे सासरे जेव्हा म्हणाले, की स्पीकरच्या जाळीला नवं कापड लावायचंय आणि ते सूनबाईच्या आवडीचं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, बरं.

माझा स्वभावच तसा. फार बोलत नाही मी. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकमत आहे, की मुलगी समजूतदार आहे.

आधी स्पीकर काय चीज आहे ते ऐका. दोन आहेत, माझ्या खांद्याला लागतील एवढे, बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तरुणपणी स्वतःच्या हातानं रंधा मारून बनवलेले. पहिल्यांदा या घरी आले तेव्हा मला वाटलं, कपड्यांची कपाटं आहेत. वाटलं ते वाटलं, मी तसं म्हणालेही. अजून तो विषय काढतात सगळे. तर या स्पीकरांवर बाबा रोज सकाळी साडेसहाला एकच रेकॉर्ड लावतात. विमानाची. गाणंबिणं काही नाही, नुसतं विमान. ते डाव्या स्पीकरमधून उडतं, सोफ्यावरून जातं आणि उजव्या स्पीकरमध्ये उतरतं. पूर्वी म्हणे गिऱ्हाइकाला स्पीकर ऐकवायला अशी रेकॉर्ड मिळायची. बाबांच्यानं स्पीकर काही विकवले नाहीत, त्यामुळे चाळीस वर्षं विमान आमच्याच घरी उतरतंय.

जाळीवरचं जुनं कापड मात्र पार चहाच्या गाळण्यासारखं झालेलं, आणि खालच्या कोपऱ्यात आमच्या नवऱ्यानं तीन वर्षांचा असताना बोट घालून पाडलेलं भोक. मग निघालो चौघं कापड आणायला. दुकानाच्या पायरीवर बाबांनी नियम सांगितला, "स्पीकरला श्वास घेता आला पाहिजे." म्हणजे काय, तर कापड तोंडासमोर धरायचं, पलीकडे हात धरायचा आणि फुंकायचं. हाताला वारा लागला तर कापड पास. नाही लागला तर ते कितीही देखणं असो, नापास.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. भरलेलं दुकान, बायका कापडं बघतायत, आणि एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ एकेका ताग्यापाशी जाऊन फू, फू करतायत. दुकानदार बिचारा पहिल्यांदा म्हणाला, "काका, धूळ नसते हो आमच्याकडे." मग विचारलं, शर्टाला हवंय की पडद्याला? बाबा म्हणाले, स्पीकरला. दुकानदारानं गळ्यातली टेप काढली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "त्यांच्या छातीचं माप आणलंय का?"

आणि तेवढ्यात मला ते दिसलं. गडद निळं, त्यावर तांदळाएवढे पांढरे ठिपके, एकही ठिपका सरळ रांगेत नाही. मी नुसता हात लावला हो. पण सासूबाईंनी तो हात पाहिला, म्हणाल्या, सोफ्याला जाईल, आणि बाबा मच्छरदाणीच्या कापडावर फुंकर घालून परत येईपर्यंत चार मीटर कापूनसुद्धा झालं. बाबांनी ते उचललं. फुंकलं. पुन्हा फुंकलं. त्यांचे गाल लाल झाले, पण पलीकडच्या तळव्याला काही लागेना. म्हणाले, "ही गादी आहे." दुकानदार म्हणाला, कापलेलं परत घेत नाही. सासूबाई म्हणाल्या, बघा, तिच्या आवडीचं आहे. बाबा म्हणाले, आवडीचं आहे हो, पण श्वास? आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी काय म्हणणार… बरं म्हटलं.

घरी आल्यावर तर फुंकरीची साथच आली. उशांचे अभ्रे फुंकले, टॉवेल फुंकले, माझी ओढणी मी अंगावर घेतलेली असताना फुंकली. बाबांचा एक जुना बनियन पहिल्या नंबरानं पास झाला, पण स्पीकरला बनियन घालायला सासूबाईंनी साफ नकार दिला. आणि तेवढ्यात आमचा नवरा, संसाराचा माझा एकुलता एक आधार, आमच्या खोलीतून हसत हसत बाहेर आला. हातात पडदा. "हा बघा, खिडकी उघडी आहे असं वाटावं इतका वारा जातो यातून."

आता हा पडदा काय आहे, ते फक्त तुम्हाला सांगते. पिवळा आहे, झिरझिरीत. माहेरच्या माझ्या खोलीचा. निघताना मी तो खिडकीवरून काढून बॅगेत टाकला, तर आई म्हणाली, अगं, पडदा कुणी नेतं का? मी नेला. या घरात माझ्याआधीपासून नव्हती अशी ही एकच वस्तू. सकाळी त्यातून उजेड येतो ना, तेव्हा विमान उतरायच्या आधीची दहा मिनिटं मला वाटतं, मी माझ्याच खोलीत आहे. बास, एवढंच. आणि तो आता तिघांच्या हातांत, तीन बाजूंनी फू, फू चाललेलं. बाबा म्हणाले, पास. नवरा म्हणाला, "तुझी काही हरकत नाही ना गं? शेवटी तुझ्याच आवडीचा आहे."

पहिल्यांदाच मी 'बरं' म्हटलं नाही, पडद्याचं एक टोक धरून ठेवलं.

वाचवलं ते सासूबाईंनी. म्हणजे मला नाही, निळ्या कापडाला. चार मीटर वाया घालवणार नाही म्हणाल्या. वाद वाढला, तेव्हा नवऱ्यानं कुठंतरी वाचलेला उपाय काढला. न बघता ऐकायचं. तिघं पाठ करून बसणार, आधी एक कापड लावून विमान सोडायचं, मग दुसरं, आणि कान सांगतील ते खरं. कापडं बदलणार कोण? जिला काही मत नाही ती. मी.

तर तिघं सोफ्यावर, स्पीकरांकडे पाठ, डोळेसुद्धा मिटलेले. मी कपड्यांच्या चिमट्यांनी दोन्ही स्पीकरांना निळं कापड लावलं. म्हटलं, एक. विमान उडालं, उतरलं. आता निळं काढून पडदा लावायचा. पडदा खुर्चीवर घडी करून ठेवलेला. मी त्याच्याकडे बघितलं. हात काही पुढे जाईना. बाबा म्हणाले, झालं का? आणि मी, समजूतदार मुलगी, निळ्याचेच चिमटे दोनदा नुसते वाजवले आणि म्हटलं, "दोन."

तेच विमान. तेच कापड. विमान उतरताच, तिघं वळायच्या आत, मी ते काढून हातावर घेतलं.

बाबांनी आधी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पहिल्यात विमानाच्या पंख्याचं पातं न् पातं ऐकू आलं. दुसऱ्यात कुणीतरी तोंडावर उशी दाबली." नवरा म्हणाला, अगदी, अगदी, दुसऱ्यात खर्ज कुठं गेला? सासूबाई म्हणाल्या, "मला बाई दोन्ही सारखीच वाटली." बाबा म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं. मग मला विचारलं, पहिलं कुठलं होतं? तुम्हीच सांगा, मी खोटं बोलले का? मी म्हटलं, निळं.

बाबा उठले, निळ्या कापडावरून हात फिरवला, म्हणाले, फुंकरीचं शास्त्र जरा जुनं झालं असेल. संध्याकाळपर्यंत कापड ताणून, पिना मारून, चौकटी बसल्यासुद्धा. मी पडदा खोलीत नेऊन पुन्हा खिडकीला लावला. अख्ख्या घरात मी जिंकले होते आणि हे कुणालाच माहीत नव्हतं… असं मला वाटलं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या सासूबाई वस्तू उघडी ठेवत नाहीत. रिमोट प्लॅस्टिकमध्ये, सोफ्यावर प्लॅस्टिक, फ्रिजच्या मुठीलासुद्धा बाही शिवलेली. घरात उघडी म्हणून फिरतात ती फक्त माणसं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून खोलीत आले, तर खिडकी उघडीबोडकी. बाहेर येऊन बघते तो सासूबाई स्पीकरांपाशी, माझा पडदा मधोमध कापून दोन्ही निळ्या कापडांवर अंथरतायत, कडेला शिवणकामातल्या टाचण्या. म्हणाल्या, एवढं सुरेख कापड, धूळ बसेल त्यावर. आणि मग टाचणी तोंडातून काढून, अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काल मी वळले तेव्हा पडद्याची घडीसुद्धा मोडली नव्हती गं. म्हटलं, रिकामाच आहे."

मी म्हटलं, बरं.

तेवढ्यात बाबांनी विमान सोडलं. ते निळ्यातून उडालं, पिवळ्यातून गेलं आणि पलीकडे पिवळ्यानिळ्यात उतरलं. बाबांनी डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाले, "आता कुठं श्वास घेतायत बघ."