टकलीसाठी धरलेलं मौन

...नाही, पण मी म्हणते, अंगावर पिसं नाहीत हा काय तिचा गुन्हा झाला? तुम्हीच सांगा! पोल्ट्रीवाला पिंजरे रिकामे करत होता, ही बिचारी कोपऱ्यात उभी, मान उघडी, शेपटी गायब, जन्मात पायाला माती लागलेली नाही... आणली उचलून घरी! आमचे हे दारातच, "अगं, परसात आधीच चौघी आहेत, त्यात ही टकली! त्या हिला जगू देतील का?" मी म्हटलं, देतील, देवाला सगळं कळतं. तर म्हणाले, "देवाला कळतं गं, पण कोंबड्यांना कोण सांगणार?"

मीच की! दुसरं कोण? आठवडाभर मध्ये जाळी लावली, अलीकडे टकली, पलीकडे चौघी, आणि दोन्हीकडे दाणे टाकताना माझी हाक, "या गं बायांनो, या! ही तुमची धाकटी बहीण हं!" टकली जाळीला डोकं लावून ऐकायची... मग जाळी काढली आणि तुम्हाला सांगते, ती थोरली, चालते अशी जणू परस तिला माहेरून आंदण मिळालंय, ती आली ती थेट टकलीच्या उघड्या मानेवर! रक्त काढलं हो! टकली पिंपामागे बसली ती बसलीच. दाणा नाही, पाणी नाही. उचलून घेतली तर छातीचं हाड हाताला लागलं... अशी किती तग धरणार?

मग मी देवापुढे हात जोडले, "पाची जणी एका ताटात जेवेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही!" नवस म्हणजे आवडीचंच सोडायला हवं ना? आणि माझी आवड कोणती, ते तुम्ही बघताच आहात. सासूबाई कळवळल्या, "अगं, चहा सोड, साखर सोड, हे काय भलतंच! झेपेल का तुला?"

झेपलं! पण झालं काय, मी ताट घेऊन मुकाट्याने परसात जायची आणि चौघी माझ्याकडे अशा बघायच्या, ही कोण बया? हाक नाही, काही नाही! दाण्याला तोंड लावेनात, बिथरल्या, आणि राग काढायचा कुणावर? टकलीवर! माझं मौन देवाला कळत होतं हो, पण कोंबड्यांना कोण सांगणार?

त्या सकाळी ताट घेऊन दारात आले, तर थोरली पिंपामागे शिरतेय, चोच उगारलेली... आणि सुटलंच माझं तोंड! "अगं ए सटवे! दुखणाइतावर हात उचलतेस? चल हो इकडे! या गं बायांनो, या!"

चौघी वळल्या, धावत सुटल्या, आणि त्यांच्यामागून पडत-झडत, उघडे पंख फडफडवत... टकली! जाळीतून ऐकलेली तीच हाक ना! ताट खाली ठेवलं. पाच माना त्यात. थोरलीने मान वर काढली, मी नुसतं "हं!" म्हटलं, तर बाई इंचभर सरकल्या! मी तिथेच मातीत बसून रडले.

मग धसकाच घेतला... नवस आधी मोडला की आधी फळला? सासूबाई म्हणाल्या, "देवालाच करमेना गं! म्हणाला असेल, बोल बाई एकदाची!"

आता पाची जणी चिकटून बसतात, टकलीच्या मानेवर कोवळी लव आलीय... आणि काल आमचे हे, तेच हं, नको नको म्हणणारे, हळूच जवळ येऊन विचारतात, "पोल्ट्रीवाल्याकडे अजून एखादी असेल का गं? आणू या. नवस मात्र तोच बोल हं!"

काय उत्तर देणार? मी गप्प बसले... तर हे इतके खूश!