सरंजामशाहीचे कट्टर विरोधक

सरपंचपदाचे अर्ज मागे घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. तहसीलच्या रांगेत दाखल्यासाठी थांबलेल्या रोहिणीच्या पुढे ऊसतोड कामगार गहिनीनाथ उभा होता. त्याला जीपमधून घेऊन आलेला राधाकिशन त्याच्या हातात पत्रक कोंबत होता.

"वाच बे. 'सरंजामशाहीचे कट्टर विरोधक विजयसिंहराजे.'"

"सरंजाम म्हंजे काय, भाऊ?"

"लवाजमा. घोडे, शिपाई. ते पोसायला राजा सरदाराला गावं तोडून द्यायचा."

"अन् सरदार मेला की?"

"गावं त्याच्या पोराला."

"गावाला कुणी इचारायचं न्हाई?"

"गावाला कावून इचारतील? म्हणून तर आपले राजे त्याच्या इरोधात हायेत."

"राजांच्या आधी सरपंच कोण होतं?"

"त्यांचे वडील."

"त्यांच्या आधी?"

"आजोबा. लई बोलू नको, हा पेन घे, पुढं सरक अन् माघारीच्या कागदावर सही कर. राजांसमोर तुझा एकट्याचाच अर्ज उरलाय. निवडणूक बिनविरोध व्हायला पायजे."

गहिनीनाथनं पत्रकाची नीट घडी घातली आणि राधाकिशनचा पेन त्याच्याच खिशाला परत लावला.

"ताई, तुमी पुढं व्हा," तो रोहिणीला म्हणाला. "माझं इथं काय काम न्हाई."