जोडवी रुततात म्हणाली होती

माझा जन्म भुसावळचा, वडील रेल्वेत, लग्न ठरलं तेही रेल्वेतल्याच मुलाशी, आणि झाशीला नगरा वस्तीत आले त्याला आता छत्तीस वर्षं होतील. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि गल्लीतल्या बायका भांडायला लागल्या की बुंदेली, ती मला सगळी कळते, बोलता मात्र धड येत नाही. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, पुस्तकांवर शिक्के मारले, आणि खरं सांगते, माणसांपेक्षा पुस्तकांवरच जास्त विश्वास ठेवला. गल्लीत मला दीदीजी म्हणतात.

माझी मेघा, एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि गेली. बाळही गेलं. सहा वर्षं झाली. तेव्हापासून गल्लीत कुणाला दिवस गेले की मी येताना दिसले रे दिसले, दार लोटलं जायचं. बोलत कुणी नसे, पण दार लोटलं जायचं.

तर मागल्या वर्षी एका संस्थेच्या बाई आल्या, म्हणाल्या आई आणि बाळ नीट राहावीत म्हणून वस्तीतल्याच बायकांना शिकवायचंय, तुम्ही शिकलेल्या आहात, या. मला पहिला संशय हा, की मीच का? यजमान म्हणाले, आधारची झेरॉक्स देऊ नकोस, गरोदर बायकांच्या नावांची यादी यांना हवीय कशाला? मलाही तेच वाटत होतं, तरी गेले. लक्ष्मी गेटजवळच्या धर्मशाळेत आम्ही अकरा जणी, सतरंजीवर.

तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडम सांगायला लागल्या, पाय सुजतात, तोंड सुजतं, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तर पित्त समजून घरात झोपवू नका, रक्तदाब वाढलेला असतो. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं ही बाई माझ्या घरचंच सांगतेय. हिला कुणी सांगितलं? चहाच्या वेळी गाठलं तिला, विचारलं, मेरी बेटी की बात आपको किसने बताई? ती म्हणाली, आंटीजी, ये तो सबके लिए छपा है, आणि पुस्तिका पुढे केली. खरंच छापलेलं होतं. जन्मभर पुस्तकांत बसलेल्या बाईला नेमकं तेवढं एक पान सापडलं नव्हतं.

मग घरोघर फिरायला लागले. कुणी म्हणे ही नसबंदीवाली, कुणी म्हणे सरकारची खबरी. समोरच्या घरातली रामकली, माझ्याच वयाची, दारातूनच म्हणाली, हमाए इते कोऊ पेट से नइयां, आगे बढ़ो. म्हणजे आमच्याकडे कुणी पोटुशी नाही, पुढे जा. आणि आठवड्यानं तिची सून पूनम त्यांच्या बिनकठड्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्या गच्चीवरून दिसली. सातवा तरी असावा. ते सोडा, माझं लक्ष गेलं पायांकडे. नवरा चांगला दुकानात बसलेला, आणि हिच्या बोटांत जोडवी नाहीत, दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली. बोटं सुजून टम्म.

मी तशीच गेले. रामकली दारात आडवी उभी. काए दीदीजी, अपनी तो खा लई, अब हमाई पे नजर?

मी म्हटलं, हो, खाल्ली. मेघा म्हणाली होती, आई, जोडवी रुततात, काढते. मीच म्हटलं, नवरा धडधाकट असताना असलं काही करायचं नाही, आणि खोबरेल लावून पुन्हा चढवली, याच हातांनी. डोकं दुखतंय म्हणाली तर लिंबाचं सरबत दिलं. हे मी यजमानांनाही कधी सांगितलं नव्हतं, आणि तिथे दारात उभ्यानं, अर्ध्या हिंदीत अर्ध्या मोडक्या बुंदेलीत, त्या बाईला सांगून बसले.

रामकली माझ्या तोंडाकडे बघत होती. नाटक तर नाही ना, हे बघत होती, कळत होतं मला. मग मान न वळवता आत हाक मारली, काए री पूनम, मूड़ पिरात है का? डोकं दुखतंय का, असं. आतून आवाज आला, तीन दिना से, अम्मा. हमें नहीं बताया, असं काहीतरी पुटपुटली, आणि मग म्हणाली, चप्पल पहन.

ऑटोत रामकली आमच्या दोघींच्या मध्ये बसली, माझा पदर सुनेला लागू नये म्हणून. दवाखान्यात रक्तदाबाचं यंत्र लावलं, नर्सनं डॉक्टरला बोलावलं, आणि पूनमला तिथेच ठेवून घेतलं. पोर अपुऱ्या दिवसांची झाली, ओंजळीएवढी. पण दोघी घरी आल्या.

रामकली सगळ्यांना सांगते, माता रानी की कृपा. असेल. संस्थेच्या बाई म्हणाल्या, पूनमबरोबर तुमचा फोटो काढू, मी नाही म्हटलं, ते फोटो कुठे जातात कोण जाणे. बारशाला मला बोलावणं नव्हतं. आता पोर पाच महिन्यांची आहे, रामकली तिला घेऊन ओट्यावर बसते, आणि मी समोरून आले की पोरीच्या तोंडावर पदर ओढते. अजून ओढते. ओढू दे. श्वासानं पदर हलतो, तेवढा मी बघते, आणि मान खाली घालून पुढे जाते. जगू दे बाई, माझ्या नजरेआड का होईना, खूप जगू दे.