कोटाच्या दोन्ही बाह्या

"हॅलो? … हो, बोल चिमे. नेलं का बाबांना आत?"

धाकटीचं लग्न झालं त्याच वर्षाची ही गोष्ट. लग्नात आलेली भांडी अजून खोक्यातून बाहेर निघाली नव्हती, तोच वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. धाकटी, म्हणजे चिमी, दवाखान्यात त्यांच्यापाशी होती. थोरली नोकरीपायी दूर राहायची. तिचं कामच वेगळं. गेममधल्या माणसांचे कपडे ती कॉम्प्युटरवर रेखाटायची, असे की खेळणाऱ्याला हवी ती बाही, हवी ती कॉलर, हवा तो रंग लावता यावा. रोज संध्याकाळी ती आणि वडील एका गेममध्ये नदीकाठी भेटत आणि मासे धरत. वडिलांचा डावा हात छापखान्याच्या यंत्रात गेला होता. गेममधल्या त्यांच्या माणसाला मात्र दोन हात. "ऑपरेशनच्या आधी त्याला माझ्यासारखा कर," एवढंच त्यांनी मागितलं होतं. सकाळीच तिने त्यांचा तपकिरी कोट रेखाटून पाठवला होता, रिकामी बाही दुमडून पिन लावलेला.

"नेलंच नाही? का? … कठडा धरून बसलेत? कसला कठडा? … खाटेचा. अगं पण डॉक्टर… हो, हो… अगं ऐक ना, आधी रडणं थांबव. म्हणतात काय ते? … दुसराही? दुसरा काय? … हात? हात कोण कापतंय! पोटाचं ऑपरेशन आहे ना! … माझ्यामुळे? मी काय केलं? … सकाळचा कोट? थांब, उघडून बघते. … अगं बाई!"

पडद्यावर गेममधले वडील उभे होते आणि कोटाच्या दोन्ही बाह्या दुमडून त्यांना पिना लावलेल्या होत्या. कपडे रेखाटताना थोरली नेहमी आरसा चालू ठेवायची. कोटाची एक बाजू रेखाटली की दुसरी आपोआप उमटायची, निम्मे कष्ट वाचायचे. बाही दुमडताना तो बंद करायचा राहून गेला होता.

"चिमे, चूक माझी आहे. आरसा चालू राहिला. … कॉम्प्युटरमधला गं, भिंतीवरचा नाही! बाबांना सांग, कोणी हात कापत नाहीये. … 'माझ्यापासून लपवू नका' म्हणतात? … डॉक्टर किती थांबतील? … आणि आज नाही झालं तर? … पुढच्या आठवड्यात? आणि तोवर पोटात काही फुटलं म्हणजे? … नको, ओरडू नकोस त्यांच्यावर. फोन ठेवू नकोस. मी बाही उघडते… आत्ताच, आत्ताच!"

तिने फोन मानेत धरला आणि पडद्यावर रेखाटायचं पेन हातात घेतलं.

"आरसा बंद केला. आता… कुठली बाही? तो पडद्यावर माझ्याकडे तोंड करून उभाय, माझं डोकं चालेना. तू बाबांसमोर आहेस ना? त्यांचा धड हात तुझ्या कुठल्या बाजूला? … डाव्या. नक्की? घड्याळ घालतेस तो डावा, चिमे! … हां. चिडू नकोस, पुन्हा चुकले तर ते कठडा सोडायचे नाहीत. … नुसती पुसून चालत नाही गं, सगळं एकाला एक चिकटलंय, नवीच काढावी लागते. … कोण आलं? … वॉर्डबॉय? त्याला म्हणावं, दादा, जरा दम धरा. हातापाया पड हवं तर. … खांदा झाला. कोपर झालं. सुरकुत्या राहू देत. पंजा… काय विचारतायत? … बोटं किती काढतेय म्हणून? पाच, बाबा, पाचच काढतेय! सांग त्यांना! … पाठवलं. उघड. … नुसतं गोल फिरतंय? दवाखान्याचं नेट सोड, तुझं लाव. … आलं? धर त्यांच्यासमोर. जवळ धर, चष्मा काढून घेतला असेल त्यांचा."

थोरलीने फोन इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. पलीकडून कुठलीशी चाकं करकरली.

"चिमे? … बोल की! … हसले? कशाला? … पिन? पिनेचं काय? … उलटी लागलीय? … त्यांच्या कानाला लाव फोन. … बाबा? … हो. हो, तुम्ही दातांनी लावता, पिनेचं डोकं वर असतं. … बघितलंय हो, रोजच बघितलंय, माझ्या हातून खाली काढलं गेलं. … फिरवते. … आज संध्याकाळी नको, आज तुम्ही झोपणार. उद्या या नदीवर, दाखवते. … कठडा सोडलात ना? … सोडला म्हणा तोंडाने. … हां. … बाबा? … हॅलो? … हॅलो?"

फोन बंद झाला होता. थोरलीने पेन पुन्हा उचललं आणि पिनेचं डोकं वर केलं.

वडील त्याच दिवशी दुपारी, ऑपरेशन चालू असतानाच वारले.