रोजाची ओवी आणि पास्कूची गाडी

माझा नाव रोजा. मी मूळची सावंतवाडीकडची, किरिस्तांवाच्या घरातली, लग्न झाला आणि गोव्यात सुर्ल्याक इलंय ती हयलीच झालंय. माझी आवस जात्यार बसली की जेजूच्यो, म्हणजे येशूच्यो, ओव्यो म्हणायची आणि शेजारची काकी खुट्याक हात लावून रामाच्यो म्हणायची, एकच जाता, पीठ दोघींचा सारख्याच बारीक. माका लिवूक येत नाय, पण काय सांगू तुमका, ओवी माझ्या तोंडात आपसूक येता. पुढे गिरण इली, जाता गेला, पण ओवी काय गेली नाय, भाकरी थापतानाय मी म्हणतंय.

गोवा मोकळो झाल्यार खाणी वाढल्यो तेव्हा आमच्याकडचे कितीतरी जण पोटासाठी हय इले, त्यातलोच माझो घो, पास्कू. खाणीर ट्रक चालवायचो. माणूस सोन्यासारखो, पण त्याचो धाकटो भाव तापान गेलो, तरणोताठो. त्याच्यासाठी ह्यान खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, किती मेणबत्त्यो लावलेल्यो, आणि तरी तो गेलो, तेव्हापासून ह्यान देवळाची वाटच सोडली. म्हणायचो, माझा देवाकडे आता काय काम नाय. मी भांडलंय नाय. पण जीव तुटायचो माझो, देवाशी अबोलो धरून ह्यो माणूस मरतलो कसो?

आमच्या वाड्यार रस्त्याकडेक खुरीस आसा. मे म्हयन्यात थय एकेका घराची लदीन असता, म्हणजे सगळे जमून प्रार्थना म्हणतत, गातत, मगे उकडलेले चणे वाटतत. ज्याची पाळी, त्या घरच्या बाप्यान पयली मेणबत्ती लावची, अशी रीत. आमची पाळी इली की नेमकी ह्याची गाडी बिघडायची. माका ठावक, गाडी धडधाकट आसा. पण मीच जाऊन मेणबत्ती लावायचंय, काय करतलंय?

एका वर्षी मी लदिनीसाठी नवी ओवी केलंय. जेजून सांगलेली ती गोष्ट नाय काय, घर सोडून गेलेल्या आणि सगळा उधळून बापाशीकडे परत इलेल्या पुताची, तीच. पण माझो पूत ट्रकवालो. माका दुसरा काय म्हायत आसा? दुपारची मी आणि शेजारची शेवंती पडवेर चणे निवडीत होतो, मी म्हणायचंय आणि ती मागसून ओढायची. पास्कू थयच बसान भट्टीवाल्या पोदेराचो पाव चायत बुडवून खाय होतो.

भरून गाडी पूत घराक इलो,
दारात बापूस उभो रवलो.

तसो पास्कू म्हणता कसो, गे रोजा, खुळी काय तू? भरलेली गाडी घेऊन घराक कोण येता? खाणीचो माल नदीच्या धक्क्यार वततत, थयसून तो बार्जीत, म्हणजे मोठ्या होडयेत, भरून मुरगावच्या बंदराक जाता, घराक येताना गाडी रिकामीच असता. शेवंती फिदीफिदी हसाक लागली. माका राग इलो, मी म्हटलंय, इतक्या कळता तर तूच म्हण. तो डोक्या खाजवीत बसलो, आणि मगे हळूच म्हणालो,

धक्क्यार सगळा वतून इलो,
रिकामो पूत बापाशीन पोटाशी धरलो.

पाव चायत पडान विरघळलो तरी ह्याका पत्तो नाय. मगे माका विचारता, गे, देवाकडे न्हेवक माझ्याकडे तरी काय आसा? मी म्हटलंय, आता तूच म्हटलंस मरे, रिकामोच येवचो असता.

त्या सांजेक गाडी बिघडली नाय. ह्यान दाढी केल्यान, लग्नातलो धवो शर्ट घातल्यान, आणि खुरसाकडे जाऊन मेणबत्ती लावल्यान. वाऱ्यान विझली, परत लावल्यान. देवाक काय सांगल्यान ता माका म्हायत नाय, पण आपली ओळ इली तशी सगळ्यांच्या वर आवाज काढल्यान. मी रडलंय, शेवंतीय रडली.

आता खाण बंद, ट्रक इकलो, ह्याचे गुडघे गेले. पण आमची पाळी इली की काड्याची पेटी घेऊन सगळ्यांच्या आधी हो खुरसाकडे हजर. पाद्रीन विचारल्यान, ही ओवी कोणी केली, तर छाती काढून सांगता, मी! केल्यान दोन ओळी, आणि आख्खी ओवी ह्याची! असूं दी बापडो. मी सुखी आसंय.

बसा, चणे खाऊन जावा. देव तुमचा बरा करू. आणि परत याल तेव्हा काय हाडू नका हां, रिकाम्या हातान येवा.