बोटांच्या टोकापर्यंत मेंदी

—नाही नाही, उभे का, बसा की. राकेश ना तुम्ही, पूर्वाच्या ऑफिसातले? मशीन न्यायला आलात. सांगा की स्पष्ट, मी काही चावत नाही. काल तुमच्या साहेबांचा फोन आला होता—आधी पूर्वा कशी आहे, आणि लगेच मशीन कुठे आहे. आधी पूर्वाचं विचारलं हेच खूप झालं. आयसीयूच्या बाहेर बाप बसलाय म्हटल्यावर लोक एवढं तरी पाळतात. आणलंय मी, पिशवीत आहे.

हे बघा, केवढंसं. कपडे वाळत घालायचा चिमटाच जणू. बोटाला लावायचं, आतून उजेड जातो आणि मलेरिया आहे की नाही ते कळतं—सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. बिबवेवाडीत आमच्या अख्ख्या सोसायटीची बोटं तपासून झाली हिची, धडधाकट माणसांची! हिची आई म्हणायची, अगं, लग्नाच्या साड्यांचं बघ आधी. पण हिचा सगळा जीव यात. लहानपणी सुईला इतकी घाबरायची—दवाखान्याच्या पायरीवरच भोकाड. म्हणायची, बाबा, गडचिरोलीची पोरं सुई दिसली की माझ्यासारखीच पळतात, पण याला हसत बोट देतात. दिवाळीनंतर तिकडेच होती ना कॅम्पला. डास तिथलाच चावला असणार म्हणतात. तुम्हीही होतात ना बरोबर? आणि बरे आहात? छान. नाही, खरंच छान.

ताप आला तो मेंदीच्या दुसऱ्या दिवशी. घरात पाहुणे, दारात मांडव—सगळे म्हणाले, दगदग झाली. मी म्हटलं, रक्त तपासून घेऊ, कोपऱ्यावर तर लॅब आहे. हसली. म्हणाली, माझं मशीन घरात असताना मी दंड पुढे करू? ऑफिसात तोंड कसं दाखवू? लावलं बोटाला—हिरवा दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा हिरवा. बघा बाबा, मलेरिया नाही. आता मुलगी इतकी शिकलेली, मशीन तिनंच बनवलेलं, बापानं काय म्हणायचं? मग तापाच्या गोळ्या, आणि मग बडबडायलाच लागली. इथे आणलं तेव्हा डॉक्टरांना मीच ठणकावून सांगितलं—मलेरियाचं बघू नका, ते झालंय, तिनं स्वतः तपासलंय. ते लागले डेंगीच्या मागे, मेंदूज्वराच्या मागे. दुसऱ्या दिवशी सापडला मलेरिया. तोवर मेंदूत गेला होता.

काय? मेंदी? हो, होती ना. बोटांच्या टोकापर्यंत, दोन्ही हात. मालनमावशीनं लिंबू-साखर लावली वरून, तव्यावर लवंगांची धुरी दिली—काळीभोर रंगली. मेंदी गडद रंगली की सासरी माया मिळते म्हणतात ना, म्हणून एवढा खटाटोप... उजेड जात नाही तिच्यातून? हे कधी कळलं तुम्हाला? आज सकाळी. बरं. आणि आधी कुणालाच—नाही, बरोबर आहे. कॅम्पातल्या बायकांच्या हातावर गोंदण असेल, मेंदी लावून तपासायला कोण येणार? कुणाला सुचणार होतं.

थांबा. थांबा जरा. रिक्षात—इथे आणताना—अर्धवट शुद्धीत होती, स्वतःच्या बोटांकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, बाबा, मेंदी. एवढंच. मला वाटलं, लग्नाचं मनात आलं असेल, रडेल आता. मी हात हातात घेतला, म्हटलं, छान रंगलीये गं. तिनं मान हलवली—नाही, नाही—आणि पुन्हा म्हणाली, मेंदी. मी पुन्हा म्हटलं, हो गं राणी, खूप छान रंगलीये. मग डोळे मिटले तिनं. त्यानंतर बोललेली नाही. तिला कळलं होतं, राकेश. ती मला सांगत होती—डॉक्टरांना सांगा म्हणून सांगत होती—आणि मी तिला—

नाही, तुम्ही काही बोलू नका. हे घ्या तुमचं मशीन. दार उघडलं बघा, सिस्टर मलाच बोलावतायत. जा तुम्ही. जा म्हटलं ना.