टोपीतल्या सहा चिठ्ठ्या

टेक्सासमधल्या आमच्या गावच्या फेडरल कोर्टात तपासणीच्या रांगेत उभा होतो. पुढे कोर्टातून निवृत्त झालेले शिपाई हॉलिस आणि तीनशे मैलांवरून आलेल्या ऑर्लीनबाई.

"कुणाला खरं वाटणार नाही, मिस ऑर्लीन, पण तुमच्या खटल्याचा न्यायाधीश मी या हातानं निवडलाय."

"माझा कसला? सरकारनं कारखाना बंद करायला सांगितला, म्हणून कंपनीनं सरकारवर केलाय खटला. माझी फक्त विहीर नासली."

"तेच ते."

"कारखाना आमच्या गावात, मग खटला इतक्या लांब का?"

"इथलं धुरावर भाजलेलं ब्रिस्केटचं मांस झकास असतं!"

"चेष्टा पुरे. न्यायाधीश आधीच हेरून कंपनी इथं आलेली दिसतेय."

"छे हो! चिठ्ठ्या टाकतात. माझ्याच टोपीत सहा नावं होती. डोळे मिटून एक उचललं. वकिलांनी टाळ्या वाजवल्या."

"कुणाच्या वकिलांनी?"

"कंपनीच्या."

"हं. हॉलिसदादा, समोरची पाटी वाचा. या कोर्टात न्यायाधीश एकच आहे. बाकीचे पाच काय तुमच्या टोपीतच राहतात?"